गरम हवेचा पाईप : जुन्या मारुती 800 वर आठ महिने

गाडी 1997ची मारुती 800, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली). तीन सिलिंडर, 796 सीसी, पासिंग तीनदा वाढवून घेतलेलं. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधाच्या अंगाला; भोवती धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव. गाडीची मागची सीट मी कधीच काढून ठेवली, तिथे वांग्यांची पोती बसतात. हिवाळ्यात पहाटे पाचला निघायचं आणि उजाडायच्या आत लिलावाला पोचायचं, एवढंच तिचं काम.

दुखणं असं होतं. चोक ओढला की गाडी एका सेल्फमध्ये चालू. चोक आत ढकलला तरी ठीक. सहा-सात किलोमीटर छान जायची आणि नेमकी तलावाच्या पाळीवर, जिथे धुई दाट असते, तिथे अडखळायला लागायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, मागून काळा धूर, आणि मग बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. वैतागून दहा-पंधरा मिनिटं शेकोटीवाल्यांजवळ हात शेकून आलो, की पठ्ठी पहिल्या सेल्फला चालू! पुढे लिलावापर्यंत कुरकूर नाही.

असलं दुखणं मिस्त्रीला दाखवणार कसं? गॅरेजात नेईपर्यंत गाडी ठणठणीत. "काहून जी भाऊ, गाडी तं मस्त चालू रायली," हे मी निदान चारदा ऐकलं. तरी प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोल पंप नवा टाकला, टाकी धुतली. पैसे गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाळ.

एकदा मात्र बंद पडल्याबरोबर बॉनेट उघडलं. एअर क्लीनरचं झाकण काढून मोबाइलच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. बटरफ्लायच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने फिरणाऱ्या हवेच्या चकतीच्या, कडेला पांढरा थर, फ्रीजरच्या भिंतीवर धरतो अगदी तसाच. नखाने खरवडला तर नखावर पाणी झालं. बाहेर थंडी नऊ डिग्री, बर्फ पडायचं काही कारण नाही, पण कार्बोरेटरात बर्फ.

कारण नंतर समजलं. पेट्रोल उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं, तसंच. त्यात घशाच्या अरुंद जागेतून हवा जोरात जाते तेव्हा तिचा दाब कमी होतो, ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान वीस-वीस डिग्री खाली येऊ शकतं. म्हणजे बाहेर नऊ असलं तरी आत शून्याच्या खाली. हवा कोरडी असती तर बिघडलं नसतं. पण तलावाची धुई म्हणजे हवेत पाणीच पाणी, ते बटरफ्लायवर गोठतं. हवेची वाट बुजली की पेट्रोल जास्त पडतं, म्हणून काळा धूर. गाडी बंद झाली की खालच्या तापलेल्या इंजिनाची धग वर चढते, बर्फ वितळतो आणि पुरावा गायब. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर गेला होता, पण मला विचाराल तर तशा कोरड्या कडाक्यापेक्षा धुईची आठ-दहा डिग्री वाईट.

उपाय जुन्या इंजिनांत होताच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या तोंडापासून एअर क्लीनरच्या नळीपर्यंत एक लवचीक पाईप जातो. मॅनिफोल्डला घासून तापलेली हवा त्यातून ओढली जाते. काही गाड्यांत थंड-गरम हवेची झडप आपोआप फिरते, काहींत उन्हाळा-हिवाळा अशी हाताने फिरवायची. माझ्या गाडीचा पाईप आधीच्या कोणीतरी काढून फेकला होता. पत्र्याचं तोंड उघडं पडलेलं, आणि मी ते दोन वर्षं नुसतं बघत होतो.

नोव्हेंबरात साकोलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पाईप बसवला, जाम झालेली झडप काढून हाताने फिरवायची केली. मजुरी धरून सहाशेच्या आत काम झालं. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, "धूर पुन्हा इंजिनातच सोडतेस का बे?" तसं नाही. धूर सायलेन्सरनेच जातो, आपण फक्त मॅनिफोल्डच्या बाहेरची तापलेली हवा घेतो. पण मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर काकांचं म्हणणं खरं ठरेल, तेव्हा ते आधी पाहून घ्यावं.

कोंबडीच्या पिल्लांसाठी घेतलेल्या थर्मामीटरची तार मी एअर क्लीनरच्या तोंडात सोडून पाहिली. बाहेर नऊ, आणि चार-पाच मिनिटं चालल्यावर आत तेहतीस. डिसेंबर-जानेवारीत गाडी तलावाच्या पाळीवर एकदाही बंद पडली नाही. एका पहाटे मुद्दाम झडप बंद ठेवली, तर त्याच पाळीवर अडखळली. तिथेच उतरून झडप फिरवली.

आता जे जमलं नाही ते. सकाळचं पहिलं स्टार्टिंग होतं तसंच आहे. मॅनिफोल्ड तापेपर्यंत पाईप काहीच करत नाही, तिथे चोकच लागतो. अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणतात, मला तरी फरक जाणवला नाही.

सगळ्यात मोठी चूक माझीच. मार्च संपत आला तरी झडप फिरवली नव्हती. पोती भरून चढावर गाडी खडखड वाजायला लागली, ओढही गेली. गरम हवा विरळ असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरचीच हवा त्रेचाळीस-पंचेचाळीस. आणखी तापवून कशाला द्यायची? मग पाईपच काढला आणि मॅनिफोल्डच्या बाजूचं तोंड तेलाच्या डब्याच्या पत्र्याने बंद केलं.

पाईपचा दर्जा सुमार. कागद आणि अ‍ॅल्युमिनियमचा असतो, वळणावर चिरतो. माझा फेब्रुवारीतच चिरला आणि वर धानाच्या उंदरांनी कुरतडला. दुसरा घेतला तर अर्ध्या इंचाने बारीक निघाला, बसेचना. दुकानात जाताना जुना तुकडा हातात घेऊन जा.

नव्या गाड्यांत पेट्रोल थेट व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं, बटरफ्लायपाशी उडतच नाही, म्हणून हा खटाटोप नाही. कार्बोरेटरवाल्या छोट्या विमानांत मात्र गरम हवेचा दांडा अजूनही असतो, आणि तो विसरला तर पायलटला पाळीवर उतरून हात शेकता येत नाहीत.

सध्या जून. पाईप कोठीत खिळ्याला टांगलाय, उंदरांपासून वाचला तर दिवाळीनंतर पुन्हा चढवेन. काकांच्या ओम्नीची पुढची सीटही परवा उचलून खालचं इंजिन पाहिलं. त्यांच्याही पत्र्याचं तोंड उघडंच आहे.