नेट नको, फक्त बोलणं आणि एसएमएस: दरवाढीनंतर कोणता रिचार्ज मारायचा?

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिघांनीही दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा १५५ चा पॅक १८९ वर गेला, एअरटेलचा १७९ चा १९९ झाला. दोन्हींत २ जीबी नेट. खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत आजही बटणाचा फोन वापरणारी माणसं आहेत; त्यांनी न वापरलेल्या नेटचे पैसे का भरायचे? हा सरळ अन्याय होता. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेने, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं आणि पुढच्याच महिन्यात ते आले. त्यामुळे आता निवडायला खरोखर काहीतरी आहे.

आधी पैशांचं बघू. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. एअरटेलचा १९९ चा धरला तर २,५८७ रुपये. त्याच कंपनीचा नेट नसलेला वर्षाचा पॅक जानेवारी २०२५ मध्ये १,८४९ ला आला, म्हणजे ७३८ रुपये वाचले. जिओचा १,७४८ चा स्वस्त दिसतो, पण तो ३३६ दिवसांचा आहे. रोजचा हिशेब केला तर एअरटेल थोडा खाली बसतो. एकदम एवढे पैसे काढणं जड जात असेल तर ८४ दिवसांचे आहेत: जिओ ४४८, एअरटेल ४६९. दर बदलत राहतात, रिचार्ज मारण्याआधी दुकानात विचारून घ्या.

एसएमएसमध्ये मात्र नीट बघा. एअरटेलच्या १९९ मध्ये रोज १०० मिळतात. नेट नसलेल्या पॅकमध्ये सगळ्या मुदतीचे मिळून असतात: ४६९ मध्ये ९००, जिओच्या ४४८ मध्ये १,०००, वर्षाच्या दोन्हींत ३,६००. घरातल्या माणसाला हे संपता संपत नाहीत. पण बचत गट चालवणाऱ्या ताईंना पुरतीलच असं नाही, कारण मराठी मेसेज ७० अक्षरांच्या वर गेला की दोन धरला जातो. काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा सगळं मोजलं जातं. हा मेसेज बघा: ‘उद्या सकाळी दहा वाजता देवळात बचत गटाची बैठक आहे. पासबुक आणि हप्ता घेऊन या.’ ही झाली ७४. तीस बायकांना पाठवला की साठ एसएमएस गेले. यातला ‘आहे’ काढा, बरोबर ७० होतात आणि तीसच जातात.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. कोटा संपल्यावर लोकल एसएमएसला एक रुपया आणि एसटीडीला दीड रुपया लागतो. बेळगावच्या सिमवरून चंदगड, गडहिंग्लजला गेलेला मेसेज दुसऱ्या सर्कलचा (कर्नाटकाच्या नव्हे, महाराष्ट्राच्या फोन विभागाचा), म्हणजे एसटीडी. निम्मे सोयरे तिकडे असतील तर हा फरक जाणवतो. येणाऱ्या ओटीपीचा कोट्याशी संबंध नाही.

म्हणून माझं मत असं: आई-वडिलांच्या बटणाच्या फोनला वर्षाचा कॉल-एसएमएस पॅक मारा, डोळे झाकून. घरात वायफाय असेल तर दुसऱ्या स्मार्टफोनलाही तो चालेल. यूपीआय सुरू करताना फोनवरून एक एसएमएस जावा लागतो, तो यात जातो. गटाचा, मंडळाचा फोन असेल तर रोज १०० वालाच ठेवा. रस्त्यावर नेट लागणाऱ्याने या पॅकच्या वाटेला जाऊ नये.

बीएसएनएलने त्या जुलैत दर वाढवले नव्हते, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं स्वदेशी ४जी सुरू झालं. पण कणकुंबी, जांबोटीच्या रानपट्ट्यात राहणाऱ्यांनी दराआधी रेंज बघावी. शेजाऱ्याचं सिम मागून घ्या, घरात, परसात, शेतात लावून बघा. पटलं तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, म्हणजे पोर्ट करता येतं: PORT लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० ला पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. हे सगळं वर्षाचा पॅक मारायच्या आधी करा, कारण पोर्ट केलं की जुन्या पॅकचे उरलेले दिवस बुडतात.