फ्री पास्कल: डिरेक्टिव्ह आणि कमांड लाइनची जोडी

फ्री पास्कल या मुक्त कम्पायलरची (पास्कल भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या कोडमध्ये बदलणाऱ्या साधनाची) वाखाणणी बहुधा तो किती प्रोसेसरांसाठी कोड तयार करतो यावरून होते. मला मात्र त्याची खरी ताकद डिरेक्टिव्हच्या, म्हणजे प्रोग्राममध्येच कम्पायलरसाठी लिहिलेल्या सूचनांच्या, रचनेत दिसते. सोर्समधल्या (प्रोग्रामच्या मूळ मजकुरातल्या) अनेक डिरेक्टिव्हना कमांड लाइनवर, म्हणजे कम्पायलर चालवण्याच्या आज्ञेत, जोडीदार ऑप्शन आहे, आणि प्रोग्रामर्स गाइडमध्ये डिरेक्टिव्हच्या वर्णनातच तो दिलेला असतो.

सोर्समध्ये महिरपी कंसात ‘डॉलर आर प्लस’ लिहिले काय किंवा कमांड लाइनवर ‘डॅश सी आर’ दिले काय, रेंज तपासणी (किंमत ठरलेल्या मर्यादेत आहे ना हे पाहणे) सुरू होते आणि दहा घटकांच्या ॲरेत (यादीत) अकराव्या जागी लिहू पाहणारा प्रोग्राम शेजारची मेमरी बिघडवण्याऐवजी रनटाइम एरर 201 देऊन थांबतो. मुळात ही तपासणी बंद असते, त्यामुळे चाचणीसाठी प्रोग्राम तयार करताना (चाचणीच्या बिल्डला) ती कमांड लाइनवरून चालू करावी.

दोन्हीकडच्या सूचना परस्परविरोधी असतील, तर सोर्सचे म्हणणे चालते. कमांड लाइन केवळ प्रत्येक युनिटची (प्रोग्रामच्या स्वतंत्र फाइलमधल्या भागाची) सुरुवातीची स्थिती ठरवते, आणि एका युनिटमध्ये केलेला बदल दुसऱ्यात शिरत नाही. हा क्रम मला अतिशय योग्य वाटतो. हॅश (माहितीवरून काढलेला ओळख-आकडा) काढणाऱ्या फंक्शनमध्ये गुणाकार मर्यादेबाहेर जाणे अपेक्षितच असते. तिथे चालू स्थिती जपून ठेवणारे ‘पुश’ लिहून रेंज आणि ओव्हरफ्लो (उत्तर मर्यादेबाहेर जाणे) या दोन्ही तपासण्या बंद कराव्यात आणि फंक्शन संपताच ती स्थिती परत आणणारे ‘पॉप’ लिहावे, म्हणजे बाकी सारा प्रोग्राम कडक तपासणीखाली राहूनही हे फंक्शन निर्धोक चालते.

अक्षरांची निवड मात्र गोंधळाची आहे. ओव्हरफ्लोसाठी डिरेक्टिव्ह ‘क्यू’, तर ऑप्शन ‘सी ओ’. शिवाय ऑप्शनमध्ये लहान-मोठ्या लिपीने अर्थ बदलतो: ‘सी’नंतर लहान ‘आर’ म्हणजे रेंज तपासणी, मोठा ‘आर’ म्हणजे ऑब्जेक्टच्या मेथड कॉलची वैधता. सोर्समध्येही ‘डॉलर आर’पुढे अधिकचिन्हाऐवजी फाइलचे नाव आले की तीच खूण रिसोर्स (चिन्हे, चित्रे यांसारखी सोबतची माहिती) जोडते. म्हणून सोर्समध्ये ‘रेंजचेक्स ऑन’ असे पूर्ण नाव लिहिणे मला अधिक पसंत आहे.

भाषेचा मोड (पास्कलची कोणती बोली वापरायची ती निवड) ‘डॅश एम’नेही देता येतो, तरी तो प्रत्येक फाइलच्या माथ्यावरच लिहावा, कोडचा अर्थच त्यावर अवलंबून असल्याने तो बिल्ड चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडणे मला मान्य नाही.