जुनी हॉक्सची क्लॅरनेट, काही महिने वाजवल्यावर (घेण्याआधी पट्टी तपासाच)

परवा घरच्या बैठकीत पेटीवाल्या काकांनी नाट्यगीत अर्ध्यात थांबवलं, म्हणाले "अहो हे जुळतच नाहीये, कानाला त्रास होतोय". म्हणून आज लिहायला बसलो.

क्लॅरनेट सेकंडहँड, बी फ्लॅट, बोहेम (चाव्यांची आजची नेहमीची रचना) नाही, जुन्या साध्या सिस्टीमची. शिक्का हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, लंडन. हॉक्स आणि बूझी 1930 मध्ये एकत्र झाले, त्यामुळे शिक्क्यात नुसतं हॉक्स असेल तर वाद्य बहुधा त्याआधीचं, हे जागेवरच कळतं. विकणारा म्हणाला आबनुसाचं लाकूड आहे. नाहीये. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर गंधकाचा वास येतो, आणि चाव्यांखाली काळंभोर पण उघड्या भागावर हिरवट तपकिरी, म्हणजे एबोनाइट, कडक केलेलं रबर. त्याचं मला काही वाटत नाही, उलट आपल्या उन्हाळ्यात लाकडाला तडा जायची भीती असते ती हिला नाही. फक्त गरम पाण्याने धुवू नका, रंग जातो.

संताप आहे तो पट्टीचा, म्हणजे सूर किती उंच लागतो त्याचा. तेव्हाच्या इंग्रजी बँडांची पट्टी चढी होती, ए हा सूर साधारण 452 हर्ट्झ, आजचा 440. म्हणजे ही वाजते काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळपास मधोमध! पेटीवर तो सूरच नाही. अमेरिकन वाद्यांवर बरेचदा एचपी (हाय पिच, चढी पट्टी) किंवा एलपी (लो पिच, उतरी पट्टी) ठोकलेलं असतं, हिच्यावर काहीच नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे बॅरल (माऊथपीसखालचा छोटा तुकडा) बाहेर ओढा. अहो ओढलं, तर वरचे जी, ए धाडकन उतरतात आणि खालचा ई जवळजवळ तिथेच राहतो, कारण नळी लांब केली तरी भोकं आपल्या जागीच असतात ना. परत घ्यायला नकार, वर नव्या पॅडचे पैसे वेगळे मागितले. ट्यूनर ॲप फुकट मिळतं, दुकान चालवणाऱ्याने एकदा तरी लावून बघायला नको?

पण मधे एक गोष्ट झाली. पेटी बाजूला ठेवून तानपुऱ्याच्या ॲपमधे सूर जवळपास पन्नास सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्याही निम्म्याने, वर नेला आणि यमन लावला. खालच्या सप्तकातला तो भरदार, किंचित खरखरीत आवाज, आणि उघड्या भोकांवरून बोट हळूहळू सरकवत ओढलेली मींड... माझ्या आधीच्या नव्या प्लॅस्टिकच्या क्लॅरनेटमधे हे कधीच मिळालं नाही. त्यामुळे विकायचं ठरवलं होतं ते रद्द केलंय.

तरी पेटीबरोबर वाजवायची असेल तर पैसे देण्याआधी टेपने मोजा, माऊथपीस सोडून साधारण 60 सेंटीमीटर हवी, दीडदोन सेंटीमीटर आखूड भरली तर तिथेच ट्यूनर काढा. शिक्का कितीही भारी असू दे. माझ्याकडचा माऊथपीस आजकालचा आहे, त्या काळातला कोणाकडे पडून असेल तर कळवा, योग्य किंमत देईन.