रेकॉर्डर, वही आणि टाइमर: आयईएलटीएसच्या रायटिंग-स्पीकिंगचा घरचा सराव, काही महिने वापरून

आयईएलटीएस ही परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिचं लिसनिंग आणि रीडिंग सरावसंच सोडवत गेलं की हळूहळू वर येतं. गाडी अडकते ती रायटिंग-स्पीकिंगला. चार विभागांत ७, ७, ६ आणि ६.५ पडले तर सरासरी ६.६२५ येते आणि एकूण बँड (म्हणजे गुणांची पातळी) ६.५ लागतो. पण विद्यापीठाची अट 'कुठल्याच विभागात ६.५ च्या खाली नको' अशी असेल, तर रायटिंगचा तो ६ अख्खा अर्ज अडवतो. संभाजीनगर, लातूर, नांदेडला क्लास आहेत, पण भरलेल्या बॅचमध्ये एकेकाच्या वाट्याला बोलायला मिनिटं किती येणार? तालुक्याच्या गावी तेवढंही मिळत नाही.

म्हणून हा जवळपास बिनपैशाचा संच: फोनमधला रेकॉर्डर, दोनशे पानी वही, टाइमर, रोजच्या सामाजिक विषयांच्या चिठ्ठ्या आणि निबंध तपासायला एआय चॅटबॉट. काही महिने सलग वापरल्यावर यातलं काय टिकलं आणि काय बाजूला पडलं, ते इथे लिहिलं आहे.

सगळ्यात जास्त उपयोग रेकॉर्डरचा झाला, पण नुसतं ऐकून नाही, उतरवून काढून. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. पार्ट १ मध्ये गाव, घर, काम, जेवणखाण असले साधे प्रश्न चार-पाच मिनिटं. पार्ट २ मध्ये विषय आणि मुद्दे लिहिलेलं एक कार्ड, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. पार्ट ३ मध्ये त्याच विषयावर चार-पाच मिनिटं चर्चा. उतरवायचा तो पार्ट २. दोन मिनिटांत साधारण २०० ते २५० शब्द होतात. ते जसेच्या तसे वहीत लिहायचे: 'अं', 'ॲक्च्युअली', अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं. सुरुवातीला याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो, पण हे टाळलं तर रेकॉर्डरचा निम्मा उपयोग गेला.

मग खुणा करायच्या. क्रियापदाचा काळ चुकला तिथे लाल, एकच शब्द तीनदा आला तिथे निळी रेघ, बोलणं थांबलं तिथे उभी काळी रेघ. या उभ्या रेघा कुठे पडतात ते नीट बघा. वाक्य संपल्यावर पडल्या तर चिंता नाही, तिथे सगळेच थांबतात. नामाच्या आधी पडल्या तर शब्द सापडत नाहीये, म्हणजे शब्दसाठ्याचं काम आहे. आणि कर्ता बोलून झाल्यावर, क्रियापदाच्या तोंडाशी पडल्या, तर बहुधा वाक्य डोक्यात मराठीत जुळतंय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते लगेच लागतं, आणि त्या उलटापालटीत दोन सेकंद जातात. यावर उपाय म्हणजे छोटी वाक्यं. आधी 'द बस वॉज लेट' म्हणून मोकळं व्हायचं, त्यामागचं कारण मग 'बिकॉज' लावून जोडायचं. कारण आधी सांगून मुद्द्यावर येण्याची मराठी सवय इथे नडते.

दुरुस्ती झाली की वही मिटून त्याच दिवशी पुन्हा बोलायचं. तिसऱ्या वेळी चार-पाच दिवसांनी, पण कार्ड बदलून. म्हणजे 'आवडलेला प्रवास' यावर बोलला असाल तर तोच मजकूर 'उशीर झालेला प्रसंग' या कार्डावर बसवायचा. तेच कार्ड पुन्हा घेतलं तर उत्तर पाठ होतं, आणि पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला पहिल्या तीन वाक्यांत कळतं: वेग अचानक वाढतो, चढउतार सपाट होतात, आणि पार्ट ३ च्या पहिल्याच प्रश्नाला भाषा दोन पायऱ्या खाली घसरते.

एक मिनिटाच्या तयारीत पूर्ण वाक्यं लिहू नका. आठ-दहा शब्द, तेही कार्डावरच्या मुद्द्यांच्या क्रमाने, आणि शेवटच्या मुद्द्यासाठी निदान तीन शब्द राखून. तो बहुतेक 'का' किंवा 'कसं वाटलं' असा असतो आणि नेमका तिथेच माल संपतो. दोन मिनिटांना परीक्षकाने थांबवलं तर ती वेळेची शिस्त आहे, गुणांशी त्याचा संबंध नाही. रेकॉर्ड करताना फोन तोंडाशी धरू नका, हातभर लांब टेबलावर ठेवा. पंखा बंद. (लाइट गेल्याचा असा एखादा फायदा असतो.)

आता चिठ्ठ्या. पाणी, प्रवास, लग्नखर्च, मुलांचा मोबाईल, क्लास आणि शाळा, म्हातारपण, कचरा, स्थलांतर, सणवार, पर्यटन. बाजारातल्या याद्यांमध्ये पन्नास-साठ विषय असतात, पण हे दहा नीट आले तर बाकीचे त्यांच्याच आजूबाजूला फिरतात. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे आठ-दहा शब्दजोड्या लिहायच्या. पाण्याच्या चिठ्ठीमागे 'ग्राउंडवॉटर लेव्हल', 'बोअरवेल्स रन ड्राय', 'वॉटर टँकर', 'रेन-फेड फार्मिंग', 'सीझनल मायग्रेशन'. सुटे अवघड शब्द लिहू नका. शब्द कोणासोबत येतो तेच शिकायचं आहे.

इथे मराठवाड्यात राहण्याचा खरा फायदा होतो. परीक्षक तुमचं मत किंवा गावाची माहिती तपासत नाही, भाषा तपासतो. पण हाताशी ठोस मजकूर असला की विचारात वेळ जात नाही आणि सगळं लक्ष वाक्याकडे राहतं. पाणीटंचाईवर 'वॉटर इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर लाइफ' म्हणून वाक्य संपतं, पुढे काही सुचत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सांगायला घेतलं की भूतकाळ, कारण, परिणाम, आज काय बदललं, असं सगळं व्याकरण आपोआप लागतं. स्थलांतरावर बीडचे ऊसतोड मजूर आहेत, पर्यटनावर १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली अजिंठा-वेरूळ लेणी आहेत, शिक्षणावर लातूर पॅटर्न आहे. फक्त प्रत्येक स्थानिक गोष्टीला एका वाक्याची ओळख जोडा. नुसतं 'हुरडा' म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही; ज्वारीचे कोवळे दाणे, हिवाळ्यात शेतातच भाजलेले, एवढं सांगितलं की चित्र पूर्ण.

पार्ट ३ मध्ये मात्र गावाबाहेर पडावं लागतं. तिथे 'मी' आणि 'आमच्याकडे' यावर अडून राहिलं की उत्तर पार्ट १ सारखं वाटतं. सराव असा: एकाच चिठ्ठीवर पाच प्रश्न एका दमात. लोक आज काय करतात, वीस वर्षांपूर्वी काय करत, बदल का झाला, पुढे काय होईल, सरकारने अमुक केलं तर काय होईल. पाच प्रश्नांत पाच वेगळ्या वाक्यरचना येतातच.

लेखनाकडे येऊ. एकूण ६० मिनिटं, टास्क १ किमान १५० शब्द, टास्क २ म्हणजे निबंध, किमान २५० शब्द, आणि टास्क २ चं वजन दुप्पट. क्रम बंधनकारक नसल्यामुळे टास्क २ आधी लिहिलेला बरा. त्याच्या चाळीस मिनिटांत सहा-सात आराखड्याला, अठ्ठावीस लिहायला, उरलेली तपासायला. वहीत आपल्या हस्ताक्षराच्या दहा ओळींतले शब्द एकदाच मोजून ठेवा. ओळीला दहा पडत असतील तर सत्तावीस-अठ्ठावीस ओळी पुरतात. ३५० शब्द लिहिणाऱ्याला जास्त गुण नाहीत, चुका मात्र जास्त. आणि प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर ते शब्द धरले जात नाहीत.

गुण चार गोष्टींना सारखे: प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणी, शब्द, व्याकरण. आपल्याकडे जोर शेवटच्या दोनांवर, आणि बँड बुडतो पहिल्यात. समजा प्रश्न आहे: सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत करण्याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? बहुतेक निबंध एका परिच्छेदात फायदे, दुसऱ्यात तोटे आणि शेवटी 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' असे संपतात. विचारलं होतं जास्त काय. ते लिहिलंच नाही. हे पहिल्या परिच्छेदातच सांगायचं आणि पुढची प्रत्येक ओळ त्याला धरून ठेवायची.

आराखडा दोनच मुद्द्यांचा: मुद्दा, कारण, उदाहरण, आणि उदाहरणातून काय निघतं. शेवटची पायरी हमखास गळते. महाराष्ट्रात एसटीने २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू केला. हे लिहून थांबलात तर ती नुसती बातमी. खेड्यातल्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजला रोज जाणं परवडतं, म्हणून सवलतीचा फायदा प्रवासापुरता राहत नाही, असं पुढचं वाक्य आलं की तो मुद्दा होतो. उलट बाजूला: गर्दी वाढली आणि गाड्या तेवढ्याच राहिल्या तर मोफत प्रवास नावापुरता उरतो. एवढा ऐवज २८० शब्दांना पुरून उरतो.

जनरल ट्रेनिंगवाल्यांना (परीक्षेचा नोकरी-स्थलांतरासाठीचा प्रकार) टास्क १ मध्ये पत्र असतं, आणि तिथे आपल्या कचेरीच्या इंग्रजीचा वास येतो. 'आय बेग टू स्टेट', 'काइंडली डू द नीडफुल', 'रिस्पेक्टेड सर' हे सगळं काढून टाका. पत्ता लिहायचा नसतो. दिलेले तिन्ही मुद्दे यायलाच हवेत. एक सुटला तर बाकी पत्र कितीही छान असो, गुण जातात.

एआय चॅटबॉटबद्दल मत मिश्र आहे. त्याला बँड विचारू नका. तोच निबंध दोनदा टाकला तर दोन वेगळे आकडे येतात, आणि बहुधा उदार येतात. 'सुधारून दे' असंही सांगू नका. तो गुळगुळीत, जड शब्दांचा निबंध हातात देतो, त्यात तुमचं काही उरत नाही आणि परीक्षेत तो शब्द आठवतही नाही. त्याला एका वेळी एकच काम द्या: फक्त आर्टिकलच्या ('अ', 'ॲन', 'द') चुका असलेल्या ओळी दाखव, दुरुस्त करू नकोस. दुसऱ्या दिवशी फक्त कर्ता-क्रियापदाचा मेळ. आर्टिकल हे आपलं सगळ्यात जुनं दुखणं, कारण मराठीत तो प्रकारच नाही. त्याखालोखाल 'सिन्स फाइव्ह इयर्स', 'डिस्कस अबाउट', 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स', 'वन ऑफ द रीझन', आणि 'इन्फर्मेशन्स', 'ॲडव्हायसेस' सारखी अनेकवचनं. यातल्या आपल्या पाच चुका वहीच्या पहिल्या पानावर लिहून शेवटच्या पाच मिनिटांत फक्त त्याच शोधायच्या. सगळं तपासू पाहणारा काहीच तपासत नाही. प्रश्नाला नीट उत्तर दिलं की नाही, हे मात्र तीन-चार आठवड्यांतून एकदा जाणत्या माणसाकडूनच बघून घ्या. पैसे मोजायचे असतील तर इथे मोजा.

उच्चारांची भीती उगीच वाढवलेली आहे. मराठी वळणाला गुण कापत नाहीत, शब्द कळला नाही तर कापतात. तीन जागा बघा. एक, 'स्कूल', 'स्टेशन'च्या आधी लागणारी 'इ'. दोन, शेवटचा 'एड': 'वॉक-एड' असं फोडू नका, 'वॉक्ट' म्हणा, ट किंवा ड ने संपणाऱ्या क्रियापदांनाच 'इड' लागतं. तीन, आघात: 'डेव्हलप'मध्ये तो दुसऱ्या अवयवावर पडतो, पहिल्यावर नाही. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर सुटे शब्द बोलून बघता येतात. पूर्ण वाक्य बोललात तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चूक झाकतो.

परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर निबंध वहीऐवजी नोटपॅडमध्ये लिहा, स्पेलचेक बंद करून. पडद्यावर शब्दसंख्या दिसते, म्हणजे ओळी मोजायचं काम वाचतं. टायपिंगसाठी शासनाच्या जीसीसी-टीबीसी या टायपिंग परीक्षेचा इंग्रजी ३० शब्द प्रति मिनिट हा वेग पुरेसा आहे, त्याने २८० शब्द दहा मिनिटांच्या आत होतात. ज्यांचा वेग पंधराच्या आसपास आहे त्यांनी कागदाची परीक्षा उपलब्ध आहे का ते बघावं, नाहीतर तारीख घेण्याआधी महिनाभर टायपिंग इन्स्टिट्यूट लावावं.