हॅकिंटॉश, दीड वर्षानंतर: पितृपक्षात दाबलेलं ते अपडेट

एप्रिल 2024 मध्ये जोडलेलं मशीन आहे. हॅकिंटॉश, म्हणजे साध्या पीसीवर चालवलेली ॲपलच्या मॅकची सिस्टिम. इंटेलचा आय-5 8400 प्रोसेसर, बी-360 बोर्ड, सेकंडहँड आरएक्स 580 ग्राफिक्स कार्ड, वायफायसाठी ब्रॉडकॉमचं वापरलेलं कार्ड. लॅमिंग्टन रोडला दोन खेपा मारून सगळं 34 हजारांत बसवलं, त्यात मिरज-मुंबईचं एसटी भाडंही आलं. वर ओपनकोअर (पीसीवर मॅकची सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम), ओळख आयमॅक19,1 ची, म्हणजे 2019 च्या आयमॅकची, आणि सिस्टिम सोनोमा, मॅकओएसची तेव्हाची आवृत्ती. बायकोचे गाण्याचे क्लास आहेत, रेकॉर्डिंग ॲपलच्या लॉजिक ॲपमध्ये होतं. पहिले पाच महिने मशीनने तक्रारीला जागाच ठेवली नाही. तेव्हा लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते.

आता माझा शहाणपणा ऐका. सुरू होताना ओपनकोअरची डिस्क निवडायची यादी दिसायची, ती डोळ्यांत खुपायची. खऱ्या मॅकला कुठे असते अशी यादी? म्हणून ओपनकोअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये शोपिकर, म्हणजे यादी दाखवायची सेटिंग, फॉल्स केलं. काळ्या पडद्यावर धावणाऱ्या पांढऱ्या ओळीही बंद केल्या. बटण दाबलं की थेट सफरचंद. घरी येणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो.

सप्टेंबर 2024 मध्ये मॅकओएसची पुढची आवृत्ती सिक्वोया आली आणि सेटिंग्जच्या चिन्हावर लाल गोलात ‘1’ चिकटला. मला तो आकडा सहन होत नाही. फोनवरही होत नाही. आई म्हणाली होती, पितृपक्षात नवीन काही करू नये. मी म्हटलं, अपडेट काय, जुन्याचंच आहे. शनिवारी रात्री दाबलं.

पूर्ण इन्स्टॉलर उतरला, दहा जीबीच्या वर. वायफाय चालावं म्हणून सिस्टिमच्या फाइलींत वरून पॅच लावलेला, त्यामुळे ॲपलने सिस्टिमला लावलेलं सील तुटलेलं असतं, त्यामुळे छोटं अपडेट नशिबात नाहीच. मशीन रीस्टार्ट झालं, सफरचंद आलं आणि तिथेच थांबलं. खालची पट्टीसुद्धा आली नाही. अर्धा तास बघत बसलो. बंद-चालू केलं, पुन्हा तेच.

सकाळी गावातल्या एका दुकानात फोन केला. मॅक आहे म्हटल्यावर आवाज गोड झाला, हॅकिंटॉश म्हटल्यावर उतरला. “फॉरमॅट मारावा लागेल, दीड हजार, डेटाची गॅरंटी नाही.” एरवी वाद घातला असता, पण कुठल्या तोंडाने? लायसनप्रमाणे ही सिस्टिम फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवायची परवानगी आहे. आपण मुळातच बिनतिकिटाचे प्रवासी. दीड हजार मात्र द्यायचे नव्हते.

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवला आणि त्यावरून मशीन सुरू केलं. एसएसडीच्या सुरुवातीची 200 एमबीची ईएफआय पार्टिशन माउंट केली, ओपनकोअर तिथेच राहतं. आत ईएफआय, त्यात ओसी, त्यात कॉन्फिग पीलिस्ट. ही साधी मजकुराची फाइल असते, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आधी तिची कॉपी काढून ठेवली. मग शोपिकर ट्रू केलं, पांढऱ्या ओळी परत दिसाव्यात म्हणून बूट-आर्ग्जमध्ये उणे-व्ही टाकलं, सेव्ह, रीस्टार्ट.

यादी आली. पहिलं नाव ‘मॅकओएस इन्स्टॉलर’. आणि शेजारी, काही झालंच नाही अशा थाटात, माझी जुनी ‘मॅकिंटॉश एचडी’. तिच्यावर एंटर मारलं तर मिनिटभरात सोनोमा, लॉजिक, क्लासची सगळी रेकॉर्डिंग जागच्या जागी. काहीच मेलेलं नव्हतं! अपडेट पहिल्याच पायरीवर अडलं होतं, दरवेळी ओपनकोअर आपणहून इन्स्टॉलरच उचलत होतं आणि जुनीकडे जायचा रस्ता मीच बुजवला होता. सुरू होताना एस्केप दाबून धरलं की लपवलेली यादी येते, हे नंतर कळलं. म्हणजे पेनड्राइव्हचा सगळा खटाटोपही वाचला असता.

मूळ दुखणं लिलूचं निघालं. लिलू हे एक केक्स्ट, म्हणजे सिस्टिमला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा, आणि बाकीची केक्स्ट त्याच्या आधाराने चालतात. ओळखीच्या नसलेल्या नवीन आवृत्तीवर लिलू स्वतःहून गप्प बसतं. ते बसलं की त्याच्या खांद्यावरचं व्हर्च्युअलएसएमसी (खऱ्या मॅकमधल्या एसएमसी चिपची नक्कल) बसतं, आणि एसएमसी दिसलं नाही की सिस्टिम पुढे सरकत नाही. माझं लिलू सोनोमाच्या वेळचं होतं. नवीन उतरवायला दोन मिनिटं लागतात, ती मी पाच महिन्यांत काढली नव्हती. तेव्हा त्या रात्री ओपनकोअरला घातलेल्या शिव्या परत घेतो. सोनोमातूनच ओपनकोअर आणि सगळे केक्स्ट नवे घातले, इन्स्टॉलर निवडला आणि दुपारच्या चहापर्यंत सिक्वोया चालू झालं.

वायफाय सोडून. ब्रॉडकॉमच्या या जुन्या कार्डांचा ड्रायव्हर सोनोमापासूनच सिस्टिममधून गेलाय, आणि अपडेट झालं की वरून लावलेला पॅच पुसला जातो. राउटरपासून हॉलभर लॅनची वायर ओढायची, तो पॅच पुन्हा लावणारा ओपनकोअर लेगसी पॅचर चालवायचा, रीस्टार्ट करायचं. दर अपडेटला हेच. कार्ड घेतलं होतं फक्त एअरड्रॉपसाठी, कारण विद्यार्थ्यांचे रियाज बायकोच्या आयफोनवर येतात आणि तिला ते वायर न जोडता हवे असतात. त्यात गेलेल्या 1,800 रुपयांवर अजून चिडतो. बाकी ग्राफिक्स कार्ड, झोपणं-उठणं, आवाज याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही, सगळं चालतंय.

आता सिक्वोयानंतरचं ताहो आलंय. ते 2019 चा आयमॅक घेतच नाही, ओळख बदलून ढकललं तरी आवाजाचा जुना ड्रायव्हर त्यातून काढलेला, आणि इंटेलसाठी ती शेवटचीच आवृत्ती. गाण्याच्या क्लासात मुकं मशीन काय करू? एम4 चा मॅक मिनी 59,900 ला सुरू झाला, तेव्हापासून बायको अधूनमधून त्याचं नाव काढते. मी अजून 34 हजारांचा हिशेब फेडतोय.

यादी आता पाच सेकंद दिसते. पेनड्राइव्ह तानपुऱ्याच्या खुंटीला अडकवलाय, त्यात चालू असलेल्या ईएफआयची कॉपी आहे. लाल ‘1’ परत आलाय. डॉकमधून सेटिंग्जचं चिन्हच काढून टाकलंय.