मॅकिनॉ की पुट-इन-बे? आई-वडिलांना घेऊन उन्हाळ्यात कोणत्या बेटावर जावे

डेट्रॉईट, शिकागो, क्लीव्हलंड किंवा कोलंबस परिसरातल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुमारास भारतातून आई-वडील येतात, पहिल्या महिन्यातच नायगारा पाहून होतो आणि मग जवळपास आणखी काय दाखवावे, याची चर्चा सुरू होते. या चर्चेत दोन बेटांची नावे हमखास निघतात. एक म्हणजे मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाशी, ह्यूरन सरोवरात असलेले मॅकिनॉ. याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘सी’ असला तरी उच्चार ‘मॅकिनॉ’ असाच करतात. दुसरे म्हणजे ओहायोच्या किनाऱ्यासमोर, ईरी सरोवरातले साउथ बॅस बेट, जे त्यावरच्या गावाच्या नावाने, म्हणजे पुट-इन-बे म्हणून ओळखले जाते. माझे मत आधीच सांगतो: बेटावर किमान एक रात्र राहणे शक्य असेल तर मॅकिनॉला जावे, आणि हाताशी एकच दिवस असेल तर पुट-इन-बे गाठावे, तेही शनिवार-रविवार सोडून. मॅकिनॉची एका दिवसाची धावती सहल मात्र मी कोणाला सुचवणार नाही.

इतिहासाच्या दृष्टीने ही बेटे एकाच गोष्टीची दोन प्रकरणे आहेत. ती गोष्ट म्हणजे १८१२ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात सुरू झालेले युद्ध. मॅकिनॉचा किल्ला ब्रिटिशांनी १७८० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७९६ मध्ये तो अमेरिकेच्या ताब्यात गेला. १७ जुलै १८१२ रोजी ब्रिटिश सैनिक, फरच्या व्यापारातली माणसे आणि त्यांच्या बाजूचे मूलनिवासी योद्धे रात्रीच्या अंधारात बेटाच्या मागच्या अंगाला उतरले आणि त्यांनी किल्ल्याच्या पाठीशी असलेल्या, किल्ल्याहून उंच टेकाडावर तोफ चढवली. युद्ध जाहीर झाले आहे ही बातमीच किल्ल्यावरच्या अमेरिकी अधिकाऱ्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. त्याने लढाई न देता किल्ला सोडला. वज्रगड हातचा गेल्यावर पुरंदरावर काय वेळ आली, हे माहीत असलेल्या मराठी माणसाला ते टेकाड पाहताच सगळा मामला उमगतो. येथे मुरारबाजी मात्र कोणी नव्हता.

पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर १८१३ रोजी, पुट-इन-बेच्या खाडीत तळ ठोकून असलेल्या ऑलिव्हर हॅझर्ड पेरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने आपल्या नऊ जहाजांनिशी ब्रिटिशांच्या सहा जहाजांचा पराभव केला आणि ईरी सरोवर अमेरिकेच्या हाती आले. त्या जोरावर १८१४ मध्ये अमेरिकेने मॅकिनॉ परत घेण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. किल्ला अखेर युद्धानंतरच्या तहामुळेच १८१५ मध्ये परत मिळाला. हा क्रम डोक्यात ठेवून गेल्यास दोन्हीकडचे पाहणे अधिक रंगते.

प्रत्यक्ष पाहण्यासारखे मात्र मॅकिनॉवर कितीतरी अधिक आहे. किल्ल्यातल्या चौदा जुन्या इमारती शाबूत असून उन्हाळ्यात तेथे तोफ आणि बंदुका उडवून दाखवतात. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा पाहिलेल्या माणसाला हा किल्ला आकाराने किरकोळ वाटेल, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवणे बरे. परंतु तटावरून खालचे बंदर आणि सरोवर जसे दिसते, त्यासाठी तरी वर जावेच. घरात कोणी डॉक्टर असेल, तर त्यांना आणखी एक कथा सांगता येईल. १८२२ मध्ये येथे एका फर-कामगाराला जवळून बंदुकीची गोळी लागली आणि त्याच्या जठराला पडलेले भोक कधीच पूर्ण बुजले नाही. किल्ल्यावरचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पुढे त्याच भोकातून निरीक्षणे करून पचनक्रियेचा अभ्यास केला. शिवाय १८७५ मध्ये, यलोस्टोननंतर तीनच वर्षांनी, हे बेट अमेरिकेचे दुसरे राष्ट्रीय उद्यान झाले होते आणि १८९५ मध्ये ते मिशिगन राज्याकडे सोपवले गेले, त्यामुळे बेटाचा फार मोठा भाग आजही जंगलच आहे.

पुट-इन-बेला पेरीच्या विजयाचे आणि नंतरच्या शांततेचे मिळून एक स्मारक आहे. ३५२ फूट उंचीच्या या दगडी स्तंभाच्या तळाशी तीन अमेरिकी आणि तीन ब्रिटिश अधिकारी एकाच फरशीखाली विसावले आहेत. वरच्या सज्जावरून स्वच्छ हवेत कॅनडाच्या हद्दीतली बेटेही दिसतात. याखेरीज दोन गुहा आहेत, त्यांपैकी एकीत भिंतींवर मोठमोठे स्फटिक आहेत. एवढे पाहिले की बेट जवळजवळ पाहून झाले.

खरा निर्णय, माझ्या मते, गुडघ्यांवर होतो. मॅकिनॉच्या गावात १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिकेसारखी आणीबाणीची वाहने सोडल्यास उन्हाळ्यात सगळा कारभार घोडागाडी, सायकल आणि पायी चालतो. बेटाला वळसा घालणारा सुमारे १३ किलोमीटरचा किनारी रस्ता जवळजवळ सपाट आहे आणि सायकल चालवता येणाऱ्यांसाठी त्याहून चांगली सकाळ शोधून सापडणार नाही. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी घोडागाडीची सहल घ्यावी. ती वरच्या अंगाने फिरते आणि आर्च रॉक या नैसर्गिक दगडी कमानीपाशी आणि किल्ल्यापाशी थांबते. किल्ल्याला गावातून जाणारा चढणीचा रस्ता चांगलाच खडा आहे, तेव्हा गाडीने वर जाऊन पायी खाली उतरावे. उलट क्रम धरल्यास आई अर्ध्या वाटेवरच बसेल. मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या लिदीचा आणि फज या मिठाईच्या दुकानांतून येणाऱ्या चॉकलेटचा वास एकत्र येतो. खेड्यात वाढलेल्या वडिलांना त्यात काही वावगे वाटणार नाही, नातवंडे मात्र नाक धरतील.

पुट-इन-बेला मोटार फेरीबोटीवर चढवून नेता येते, पण बहुतेक लोक बेटावर गोल्फ कार्ट भाड्याने घेतात. चालण्याची अडचण असलेल्यांना ही सोय मोठी आहे. स्मारकाला लिफ्ट असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचायला काही पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि गुहांत पायऱ्यांनीच उतरावे लागते, हे लक्षात असावे.

अंतराचे गणित सोपे आहे. डेट्रॉईटहून मॅकिनॉ सिटी या बेटासमोरच्या किनाऱ्यावरील गावाचा धक्का सुमारे ४६० किलोमीटर, शिकागोहून सहाशेच्या पुढे, आणि पुढे वीसेक मिनिटांची फेरी. पुट-इन-बेसाठी क्लीव्हलंड किंवा डेट्रॉईटहून दोन तासांच्या आसपास मोटार चालवली की धक्का येतो आणि पुढची फेरी येथेही साधारण वीसेक मिनिटांचीच. डेट्रॉईटहूनही जाऊन-येऊन नऊ-दहा तास गाडीत घालवून मॅकिनॉला चार तास फिरणे म्हणजे रांगेत उभे राहण्यासाठीच जाणे होय. दिवसभराचे प्रवासी शेवटच्या बोटीने परतल्यानंतर ते बेट शांत होते आणि टापांचा आवाज ऐकू येऊ लागतो. ज्यासाठी इतक्या लांब यायचे, ते तेथून पुढे सुरू होते. १८८७ पासून चालू असलेल्या ग्रँड हॉटेलात राहणे महाग आहे आणि संध्याकाळी तेथे पुरुषांना कोट-टाय घालावा लागतो, म्हणून गावातली लहान हॉटेले पाहावीत. तीही स्वस्त नसतात. पुट-इन-बेची संध्याकाळ याच्या अगदी उलट असते. शनिवारी तेथे दारू आणि मोठ्या आवाजातले संगीत यांचेच राज्य असते, आणि आई-वडिलांसह त्यात अडकणे अवघडल्यासारखे होते.

शुद्ध शाकाहारी लोकांनी दोन्हीकडे पिझ्झा, बटाटा आणि सॅलड यांवर भागवण्याची तयारी ठेवावी किंवा सरळ दशम्या बांधून न्याव्यात. फज हा आपल्या बर्फीचाच भाऊ आहे, पण त्यात काय घातले आहे ते दुकानात विचारून घ्यावे.

तारखा ठरवताना एवढे पाहावे: जूनमध्ये मॅकिनॉवर लायलॅकची झाडे फुललेली असतात, तर ईरीच्या किनाऱ्यावर त्याच सुमारास मे-फ्लाय नावाच्या किड्यांचे थवे दिव्यांभोवती आणि भिंतींवर जमतात. ऑगस्टमध्ये ह्यूरनचे पाणी अजून थंडच असते. ईरीचे उथळ पाणी उबदार असले, तरी पश्चिमेकडच्या भागात त्यावर हिरवे शेवाळ येते, त्यामुळे मुलांना पाण्यात उतरवण्यापूर्वी किनाऱ्यावरची सूचना वाचावी.