स्वॅब किट: काम पाच मिनिटांचं, सही मात्र विचार करून

रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात रुग्णाला मूलपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) देऊ शकतील अशा दात्यांची नोंद डीकेएमएस ही संस्था ठेवते. तिच्या भारतातल्या दाता-नोंदणीचं हे घरपोच येणारं किट. वय 18 ते 55 आणि तब्येत ठणठणीत असेल तर ऑनलाइन फॉर्म भरून मागवता येतं, पैसे लागत नाहीत. आत कापसाचं टोक असलेल्या तीन काड्या, संमतीपत्र आणि परतीचं पाकीट.

संस्था मूळची जर्मनीतली, आणि ती उभी राहिली एका घरच्या आजारपणातून. मेख्टिल्ड हार्फ यांना रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा त्या देशात नोंदलेले दाते जेमतेम 3,000 होते. त्यांचे पती पेटर हार्फ आणि डॉ. गेरहार्ड एनिंगर यांनी 1991 मध्ये नोंदणी सुरू केली आणि वर्षभरात आकडा 68,000 वर नेला. मेख्टिल्ड मात्र त्याच वर्षी गेल्या. मूलपेशी प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी आज त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

आता काडीकडे. हवी असते गालाच्या आतल्या अस्तरातली पेशी, लाळ नव्हे. त्यामुळे काडी नुसती तोंडात फिरवून भागत नाही. ब्रशने दात घासतो तेवढा जोर देऊन, वर-खाली, गोल फिरवत, प्रत्येक काडीला एक मिनिट, घड्याळ लावून. आधीचा अर्धा तास खाणं, चहा, सिगारेट बंद. पान-तंबाखूची सवय असेल तर खळखळून चूळ भरा, मग थांबा. टोकाला बोट लावू नका. घासून झाल्यावर काड्या थोडा वेळ हवेत वाळू द्या आणि दिलेल्या कागदी पाकिटातच घाला. जास्त सुरक्षित म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर आत ओल धरते, जंतू वाढतात, डीएनए खराब होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. नवरा-बायको एकत्र नोंदणी करत असतील तर एकाचं पूर्ण आवरून, पाकीट बंद करून मग दुसऱ्याचं. संमतीपत्रावरची सही राहिली तरी नमुना अडकतो.

पुढे एचएलए तपासणी होते, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का हे ठरवणारे पेशींवरचे गुण पाहतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के. बाकीच्यांची भिस्त अनोळखी दात्यावर. हे गुण वंशातून येत असल्याने भारतीय रुग्णाचं भारतीय वंशाच्या दात्याशी जुळण्याची शक्यता जास्त. लंडन-न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी तिथल्याच नोंदणीत नाव घालावं. शोध जगभर होतो, दोन ठिकाणी नोंदणी नको.

जुळलंच तर रक्ततपासणी, वैद्यकीय तपासणी आणि बहुतेक वेळा पाच दिवस कातडीखाली जी-सीएसएफची (मूलपेशी वाढवून रक्तात आणणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं. हाडं ठणकतात, डोकं दुखतं. साधी वेदनाशामक गोळी बहुधा पुरते. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूलपेशी वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. चार-सहा तास लागतात, कधी दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. थोड्यांच्या बाबतीत भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत; ही भीती घराघरांत आहे, आणि निराधार आहे.

किटला आमचे पूर्ण गुण. अडचण असते ती ऐन वेळी "घरचे नको म्हणतात" म्हणणाऱ्यांची. रुग्णाची केमो सुरू होऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट झालेली असताना दाता मागे फिरला, तर रुग्णाच्या जिवावर बेततं. म्हणून आई-वडिलांशी, जोडीदाराशी बोलणं काडी तोंडात घालण्याआधी उरका. मोबाइल नंबर बदलला तर तोही लगेच कळवा.